बावीसची कोडी

ज्या वर्षी आमच्या बल्लारपूरच्या बाजारात कोथिंबिरीची एक जुडी घेतली तरी गाड्यावरची पेटी 'दस रुपये प्राप्त हुए' असं सगळ्या बाजाराला ओरडून सांगायला लागली, ते २०२३ साल. त्याच वर्षी मी, मनकर्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली आणि गुडघे सोडले तर धडधाकट असलेली बाई, एका अगदी साध्या कामाला लागले. मला माझ्या मैत्रिणीला थोडे पैसे द्यायचे होते, आणि ते मी दिले हे तिला कळू द्यायचं नव्हतं. एवढंच. पूर्वी असल्या कामाला उखाणा घेण्याइतकाही वेळ लागत नसे.

मैत्रीण म्हणजे मैना. गोंडपिपरीच्या पलीकडे, वैनगंगेकाठी आमचं मासेमार ढिवरांचं गाव. आम्ही दोघी एकाच डोहात पोहायला शिकलो. मी शिकून मास्तरीण झाले, ती तिथेच राहून जाळी विणत राहिली, आणि तिची जाळी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त टिकली. त्या पावसाळ्यानंतर मी गावी गेले तर मैना ओट्यावर बसून जाळं सांधत होती. मी अंगणात उभी, आणि ती जाळ्याकडे बघत म्हणाली, "कोण होय? बोलत काऊन नाई?"

तिला मी दिसतच नव्हते.

तिची सून रोशनी मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मोतीबिंदू नाई होय, मावशी. डोळ्याचा पडदा हाये. दोन-तीन महिन्यात नागपूरले नाई नेलं तर मंग काईच होत नाई म्हणते डॉक्टर."

सरकारी कार्ड होतं की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. कार्डासाठी अंगठा लावायला गेली तर जाळ्याच्या दोऱ्यानं तिची बोटं इतकी झिजलेली की यंत्राला रेघा सापडेनात. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, अंगठा नाही तर डोळा दाखवा. डोळा दाखवला तर यंत्र म्हणालं, डोळा नीट नाही. मैनानं त्याला विचारलं, "डोया नीट असता तं मी इथी कायले आली असती, बापा?" त्यानं पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं. असे पुष्कळ सोमवार गेले होते. नागपूरच्या धर्मादाय दवाखान्यानं निम्मं बिल माफ करायचं कबूल केलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या पेन्शनीतून सहज निघालं असतं.

अडचण मैना होती. ती कोणाचं घेत नाही. एकदा वादळात तिचं छप्पर उडालं तेव्हा मी तिच्या उशीखाली काही नोटा ठेवून आले होते. दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं बल्लारपूरला आली. नोटा माझ्या हातात दिल्या, वर कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला एक रोहू ठेवला, चहा न घेता निघून गेली, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला रोहू फार आवडतो, पण तो मला गिळवला नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. नदीला पूर आला की महिना-दीड महिना मासेमारी बंद. घराघरांत धान संपलेलं. तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया एका अंधाऱ्या खोलीत अरुंद तोंडाचं मोठं मडकं ठेवायच्या, अर्धंअधिक कोंड्यानं भरलेलं. प्रत्येक घरातली एक बाई आत जायची. जाताना मूठ मिटलेली, येताना मूठ मिटलेली. कोणी आत ठेवलं, कोणी काढून घेतलं, कोणालाच समजायचं नाही. ज्यांच्याकडे होतं त्यांनाही जावंच लागे आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनाही. माझी आई परत आली की मी तिची मूठ उघडायला बघायची. ती माझ्या डोक्यावर त्याच मुठीनं टपली मारायची. पुढे गावात बचत गट आले, हजेरी आली, सह्या आल्या, आणि मडकं कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसवायला गेलं.

तर आता मडकं नव्हतं, आणि मोबाइल होता. दिवाळीला माझी नात डिंपल आली होती. ती हैदराबादच्या कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि घरी असली तरी नोकरीवरच असते. मी तिला विचारलं, "फोनवरून पैसे पाठवले तर नाव झाकता येतं का?"

"नाई येत, आजी. तुझं नाव, बँक, सारं दिसते तिकडे."

"मनीऑर्डर?"

"त्यात तं तुलाच सही करा लागते."

मग थोडा विचार करून ती म्हणाली की एक रस्ता आहे. जगात असं एक जाळं आहे की ज्याला बँक नाही, मालक नाही, मुख्य कचेरी नाही. हजारो ठिकाणचे कॉम्प्युटर मिळून एकच हिशेब ठेवतात. त्यात माणसाचं नाव नसतं, नुसता अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पत्ता असतो. पैसे कोणी पाठवले ते कळत नाही.

"आणि हिशेब कोण बघतं?"

"कोणीपण पाहू शकते. कधी गेले, किती गेले, सारं उघडं राह्यते. फक्त कोणाचे ते नाई समजत."

मला समजलं. डोक्यावरून तोंडापर्यंत पदर ओढून पाणवठ्यावर गेलेली बाई. घागर सगळ्यांना दिसते, तोंड कोणाला दिसत नाही. मी म्हणाले, "पण आमच्या गावात तशी बाई चालीवरून ओळखू यायची."

डिंपल हसली. "इथी चाल नसते, आजी."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

निनावी होण्यासाठी पहिली गोष्ट लागते ती म्हणजे नाव. ती नाणी विकत घ्यायला जे ॲप होतं त्यानं माझं नाव, वडिलांचं नाव, आधार, पॅन, उत्पन्न आणि हेतू विचारला. हेतूच्या जागी डिंपलनं 'गुंतवणूक' निवडलं. 'मैत्रिणीपासून लपणे' असा पर्याय तिथे नव्हता. मग चेहरा गोलात आणा. हसा. डावीकडे वळा. डोळे मिचकावा. या वयात मी भिंतीकडे पाठ करून, तोंडावर उजेड घेऊन, फोनला डोळे मिचकावत होते आणि खिडकीतून शेजारची कमला बघत होती. कमला आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळाची मुख्य. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी ॲपनं माझा चेहरा मान्य केला, तर त्यात पैसे भरताच बँकेनं खातं गोठवलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जावं लागलं. तिथला तरुण अधिकारी माझाच जुना विद्यार्थी निघाला, मुळात भला मुलगा, पण आवाज पहिल्यापासून मोठा. पाढे म्हणताना त्याचाच आवाज वर असायचा. त्यानं सगळ्या रांगेसमोर विचारलं, "बाई, तुमाले कोणी फोनवर धमकावून राह्यलं का?"

"नाही रे."

"व्हिडिओवर पोलिसाचा ड्रेस घालून कोणी बसलं आहे का घरी? भिऊ नका, सांगा."

"कोणी नाही."

"मंग हे पैसे गुपचूप कोणाले पाठवून राह्यल्या?"

अख्खी रांग माझ्याकडे वळली. रांगेत कमला होती. तिच्या मागे मुखरूभाऊ होते. हे पेपर मिलच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सल्ला देण्यासाठी यांना विचारावं लागत नाही. मी ताठ मानेनं "ते खासगी आहे" एवढंच म्हणाले. खातं मोकळं झालं. पण संध्याकाळपर्यंत कॉलनीत दोन पक्ष झाले. कमलाच्या पक्षाचं म्हणणं, बाईंनी म्हातारपणी कोणीतरी पाहिलं आहे. मुखरूभाऊंच्या पक्षाचं म्हणणं, बाई लॉटरी खेळतात. मला स्वतःला पहिला पक्ष जास्त सन्मानाचा वाटला.

मुखरूभाऊ दुसऱ्या दिवशी पेपर वाचायच्या निमित्तानं आले. "बाई, खेळा, पण मर्यादेत खेळा. अन् पावती घ्या."

"याला पावती नसते, भाऊ."

"पावती नाई?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पावती नसलेली गोष्ट फक्त पाऊस होती, आणि त्याचीही ते तहसीलमध्ये मोजणी बघून येत.

यानंतर बारा शब्द आले. त्या जाळ्यात तुमची तिजोरी उघडणारी किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द असतात. ते हरवले तर पैसे गेले. ते दुसऱ्याला कळले तरी पैसे गेले. कुलूप फोडल्याची तक्रार घ्यायला कोणी नाही, कारण मालकच कोणी नाही. डिंपल म्हणाली, कागदावर लिही आणि कपाटात ठेव. पण माझ्या घरी कागद टिकत नाही, उंदीर नाहीतर रद्दीवाला नेतो. मी म्हटलं, आयुष्यभर पोरांकडून पाठ करून घेतलं, बारा शब्द मला जड नाहीत. टायगर, अंब्रेला, पोटॅटो, रिव्हर, लॅडर असे ते काहीतरी होते, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. नुसते पाठ होईनात म्हणून मी त्यांना माझ्या आईच्या जात्यावरच्या गाण्याची चाल लावली. मग झाले. पोळ्या लाटताना, भांडी लावताना ते आपोआप तोंडात यायला लागले. खरं सांगायचं तर त्या चालीवर आई आठवायची, आणि मी थोडं जास्तच म्हणत असेन.

एका दुपारी डिंपल एकदम कान टवकारून बसली. शेजारून पेटी आणि टाळ ऐकू येत होते. आणि सहा बायांच्या सुरात, शेवटचा शब्द छान लांबवून, "टायगर अंब्रेला पोटॅटो रिव्हर..."

डिंपलच्या हातातून शेव-चिवड्याची बशी पडली.

कमला दारात आली तेव्हा घामाघूम होती. "बाई, तुमचं ते इंग्रजी गाणं बसवलं आमी. चाल लई गोड हाये. पण अर्थ काय होते त्याचा?"

"पाण्याचा आहे," मी म्हणाले. "नदीचा."

"मले वाटलंच."

डिंपलनं त्याच दुपारी नवी तिजोरी आणि नवे शब्द केले. ते मात्र कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवले. भजनी मंडळाला मी काही बोलले नाही. रिकाम्या तिजोरीची किल्ली सामुदायिक असली तर बिघडतं कुठे.

मग पाठवायचा दिवस आला. रोशनी आमच्या कटात होती. तिच्या फोनवर डिंपलनं आधीच सगळी व्यवस्था करून दिली होती. गोंडपिपरीचा राजदीप मोबाइलवाला अशी नाणी घेऊन ओळखीच्यांना रोख देतो, त्याला रोशनीनं विचारून ठेवलं होतं. त्याला बाकी काही ठाऊक नव्हतं. डिंपल म्हणाली, "किती पाठवू? दोनशे नाणी पाठवली तर अठरा हजाराच्या आतबाहेर होते."

"दोनशे वीस पाठव," मी म्हणाले.

आता इथे माझ्या बापाची ओळख करून दिली पाहिजे. मासे विकताना आमच्याकडे कोडीनं मोजतात. कोडी म्हणजे वीस. पण माझा बाप वीसवर कधी थांबला नाही. वीस झाले की एक वर टाकायचा, तो नदीचा. मग आणखी एक टाकायचा. तो कोणाचा, असं गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचा, "ज्याचं नाव मले माहीत नाई त्याचा." अख्ख्या नदीकाठी बावीसची कोडी फक्त आमच्या घरची. बाजारात लोक आम्हाला 'बावीसवाले' म्हणत. बाप गेला, घर गेलं, पण माझा हात काही वीसवर थांबत नाही. लग्नाचं पाकीट असो, बारशाचं असो, माझ्या आकड्यात बावीस असतं. मी ते ठरवून करत नाही. तुम्ही चालताना कुठला पाय आधी टाकता ते ठरवता का?

डिंपलनं बटण दाबलं. थोड्या वेळानं तिनं मला त्या उघड्या हिशेबाचं पान दाखवलं. दोन लांबलचक पत्ते, वेळ, आणि मधे २२०. नाव कुठे नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मुखरूभाऊंना बोलावून चहा पाजला. का पाजला ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं, लॉटरी लागली.

पुढचं मला रोशनीनं सांगितलं. तिनं सासूला ठरल्याप्रमाणे सांगितलं की कोण्या दूरच्या देशातल्या निनावी माणसानं डोळ्यासाठी पैसे पाठवले. मैना म्हणाली, "मले ने तिथी. मी इचारतो त्याले." आणि राजदीपच्या दुकानात जाऊन बाकड्यावर बसली.

"कोणं पाठवले, वाच बापू."

राजदीपनं रोशनीच्या फोनवरचा तो पत्ता वाचायला सुरुवात केली. मैनानं अर्ध्यात थांबवलं. "हे का नाव होय?"

"नाव नाई, आजी. यात नाव राह्यतच नाई."

"गाव?"

"गावबी नाई."

"म्हणजे मले ओळखत नसन तो माणूस."

"कुठी ओळखन? अमेरिकेचाबी असन."

रोशनी म्हणते, मैनाचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती उठलीच होती. उठता उठता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अन् किती हायेत?"

"दोनशे वीस."

मैना परत खाली बसली. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "अमेरिकेत कोणी बावीसच्या कोडीनं मोजत नाई. जिथून आले तिथी उलटे पाठव."

राजदीपनं पाठवले. डिंपलच्या फोनवर पैसे परत आले, थोडी हमाली कापून. आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं माझ्या हाती कडुनिंबाच्या पाल्यातलं एक पुडकं दिलं. उघडायची गरज नव्हती. वासच आला. जगातल्या हजारो कॉम्प्युटरांना जे ओळखता आलं नसतं ते मैनानं डोळ्यांनी काही न दिसता ओळखलं होतं.

डिंपल म्हणाली, आकडाही झाकणारी नाणी असतात, पण ती आपल्याकडच्या ॲपवर मिळत नाहीत. मी म्हटलं, पुरे. रोहू शेजारी कमलाला दिला आणि मी गावची एसटी पकडली. मला राग आला होता. एखाद्याचं दिलेलं परत करणं एकदा समजू शकतं, दोनदा म्हणजे अपमान आहे. दिवस हातातून चालले होते, ते वेगळंच.

मैना ओट्यावरच होती. माझी पावलं ऐकून म्हणाली, "आली का, बावीसवाली."

"तू आंधळी होशील, मैने."

"होईन."

"मग मला काय करायचं? तुझा हात धरून फिरायचं?"

"फिर ना. हात धरला तं धर. पैसे देऊ नको."

"का पण? मी परकी आहे?"

तिनं जाळं बाजूला ठेवलं. "हे पाह्य, मनकर्णे. आज तू दिलं, मी घेतलं. उद्या तू आली, काही चुकीचं बोलली, तं मी तुले 'चूप बस' कशी म्हणू? तू बोलशीन, मी ऐकत बशीन. मले डोये पाह्यजेत, पण तुयाशी भांडता नाई आलं तं डोयाचं करू काय?"

मी इकडेतिकडे बघत बसले. अंगणात कोंबडी एका जुन्या मडक्यावर चढून बसली होती. मी चिडून म्हणाले, "मडकं असतं तर घेतलं असतं ना? माझ्या मायनं घेतलं, तुझ्या मायनं घेतलं."

"मडक्याचं घेतलं असतं," मैना लगेच म्हणाली. "मडक्याचं तोंड नाई पाहा लागत."

रोशनी दारात उभी होती. तिनं पुढे येऊन कोंबडीला उठवलं.

मडकं घासून, वाळवून, कोंड्यानं भरून मैनाच्याच घरच्या धान ठेवायच्या खोलीत ठेवलं. खिडकी गोणपाटानं बंद केली. पण आता काळ असा की चार बाया जमल्या की नूतन येते. नूतन म्हणजे बचत गटाची सचिव. कामाची बाई, वाईट नाही. तिनं विचारलं, "बैठकीचा विषय काय लिहू? हजेरी तं घ्या लागन. अन् फोटो टाका लागते ग्रुपवर."

"फोटो कशाचा?" मैना म्हणाली. "मुठीचा?"

"मंग किती जमा झाले, किती खर्च झाले, हे कसं समजन?"

"समजायचं नाई, हेच तं काम होय."

नूतनला ते पटलं नाही. पण ती गेली नाही. रांगेत उभी राहिली. नंतर तर तीच बाकीच्यांना "मूठ नीट मिट" म्हणून सांगत होती.

मोहल्ल्यातल्या सगळ्या घरच्या बाया आल्या. ज्यांच्या पोरी पुण्याला नोकरीला आहेत त्याही आणि ज्यांच्या घरी त्या आठवड्यात चूल कशी पेटते हे सगळ्यांना ठाऊक आहे त्याही. एकेक आत जायची, बाहेर यायची. कोणी हसत नव्हतं आणि कोणी कोणाच्या हाताकडे बघत नव्हतं. माझी पाळी आली. आत कोंड्याचा तो जुना वास होता. मी कोपरापर्यंत हात घातला. माझ्या नोटांची गुंडाळी सोडताना बोटांना दुसरी एक गुंडाळी लागली, काही सुटी नाणी लागली, आणि काहीतरी गुळगुळीत, बहुतेक जोडवं. मी काही मोजलं नाही. किती टाकले तेही मी तुम्हाला सांगणार नाही, पण आकड्यात बावीस येऊ नये म्हणून मला फार कष्ट पडले.

माझ्यानंतर मैना. रोशनीनं तिला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि हात सोडला. मैना आत गेली. त्या अंधारात आमच्या सगळ्यांत बरं तिलाच दिसलं असेल. ती बाहेर आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती, आमच्या सगळ्यांसारखीच. ती माझ्या अंगावरून गेली आणि जाता जाता म्हणाली, "सरक ना, बावीसवाले. वाटेतच उभी राह्यते." तेव्हा मला खरं बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन झालं. एका डोळ्यानं पूर्ण दिसायला लागलं, दुसऱ्यानं थोडं. पट्टी काढल्यावर मैनानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अई, किती म्हतारी झाली तू." पैसे कुठून आले असं दवाखान्यातल्या बाईनं विचारलं तेव्हा रोशनीनं "घरचे" म्हणून सांगितलं. त्यात माझे होते की नव्हते, मला आजही माहीत नाही.

मैना आता पुन्हा जाळी विणते आणि माझ्याशी मनसोक्त भांडते. रोशनी दर पावसाळ्यात मडकं मांडते. नूतन हजेरी घेत नाही, पण दाराशी उभी राहून रांग लावते. राजदीपनं त्या नाण्यांचा धंदा सोडून मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. म्हणतो, त्या आजीसमोर बसायची हिंमत होत नाही. डिंपल हैदराबादला पैशाच्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मधूनच फोन करून विचारते, आजी, मडक्यात कोंडा किती भरायचा? मुखरूभाऊ मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात लग्नातल्या मंडपापासूनच्या सगळ्या पावत्या नीट लावलेल्या निघाल्या. बाकी, बल्लारपूरच्या आमच्या कॉलनीत एखाद्या सणाला कधी आलात तर कमलाच्या मंडळाचं ते नदीचं गाणं जरूर ऐका.

राहिले मी. यंदा माझी पेन्शन अडली. हयातीचा दाखला द्यायला गेले तर यंत्र म्हणालं, बोटांच्या रेघा लागत नाहीत. लहानपणी विणलेली जाळी असतील नाहीतर सगळ्या आयुष्याचा खडू. दर सोमवारी या म्हणतात. मी जाते. मी जिवंत आहे असं तोंडानं सांगते, ते चालत नाही.

पावसाळ्यात, पेन्शन अडलेलीच असताना, गावी गेले तेव्हा मडक्याचा दिवस होता. मैना म्हणाली, "चाल, रांगेत लाग." मी लागले. मूठ मिटून आत गेले आणि मूठ मिटून बाहेर आले. मैना दाराशीच बसली होती. आता तिला सगळं दिसतं. पण मी बाहेर आले तेव्हा ती नदीकडे बघत होती.